वर नको, उत्तर द्या

रिचर्ड बेंटली हा अठराव्या शतकातला इंग्लंडमधला गाढा विद्वान. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांच्या पाठचिकित्सेत त्याचा हात धरणारं त्या काळी कोणी नव्हतं, आणि भांडणं उकरून काढण्यातही नव्हतं. एका फीवरून वाद झाला, तो चिघळला, आणि केंब्रिज विद्यापीठानं १७१८ मध्ये त्याच्या सगळ्या पदव्या काढून घेतल्या. त्याला समोर बोलावून ‘तुला काय म्हणायचंय’ एवढं मात्र कोणी विचारलं नाही. प्रकरण किंग्ज बेंच न्यायालयात गेलं आणि १७२३ मध्ये न्यायालयानं बेंटलीच्या बाजूनं कौल दिला. त्यातलं न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांचं म्हणणं कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्यक्ष देवानंसुद्धा आदमला आपली बाजू मांडायला लावल्याशिवाय शिक्षा सुनावली नाही. ‘आदम, कुठे आहेस तू? ज्या झाडाचं फळ खाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, ते खाल्लंस का?’ असं त्यानं आधी विचारलं. ईव्हलाही विचारलं.

बेंटलीची चूक होती की नव्हती, याची मला फारशी फिकीर नाही. मला गंमत वाटते ती देवाची. तो तर सर्वज्ञ. आदम कुठल्या झाडामागे लपून बसलाय आणि त्यानं काय खाल्लंय, हे त्याला विचारण्याआधीच ठाऊक. आदमनंही काही फार मोठी बाजू मांडली नाही. बायकोकडे बोट दाखवून मोकळा झाला. शिक्षा व्हायची ती झालीच. मग विचारलं कशाला?

विचारणं म्हणजे माहिती गोळा करणं, एवढंच मानलं तर या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. पण हा किस्सा वाचणाऱ्या कोणालाही तो प्रश्न फुकट गेला असं वाटत नाही. न विचारता शिक्षा दिली असती तर शिक्षा तीच राहूनही काहीतरी बिघडलं असतं, हे आपल्याला आतून कळतं. जे बिघडलं असतं ते नेमकं काय, यावर मी बरीच वर्षं अधूनमधून विचार करत आले आहे. तत्त्वज्ञान माझा पेशा नाही. पण न्याय हा विषय पेशेवाल्यांवर सोपवून स्वस्थ बसता येत नाही, कारण तो दिवसातून दोनदा तरी आपल्याच उंबऱ्याशी येऊन उभा राहतो.

एक वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असतं, बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारलेलंही असतं. ‘मला नुसतं विचारलं असतं ना, तर मीच हो म्हटलं असतं.’ ऑफिसात बसायची जागा बदलली म्हणून एखादा सहकारी महिनाभर घुम्यासारखा वावरतो, आणि नवी जागा जुनीपेक्षा चांगली असते. भावानं वडिलोपार्जित घर विकायचं ठरवलं, बहिणीला सह्या करायच्या वेळी कळलं. भाव चांगला आला, वाटा चोख मिळाला, पण त्यानंतर येणंजाणं तुटलं ते तुटलंच. बाहेरून बघणारा म्हणतो, कमाल आहे, हिचं नुकसान काय झालं? झालंच नाही. हिशेबाच्या कुठल्याही वहीत ते सापडणार नाही.

अशा वेळी आपण पटकन ‘मानपान’ म्हणतो आणि विषय मिटवतो. मला हे मिटवणं मान्य नाही. मानपानात माणूस स्वतःला इतरांपेक्षा वरची जागा मागतो. इथे तो तसलं काही मागत नसतो. ज्या गोष्टीचे परिणाम आपल्याला भोगायचे आहेत, ती ठरवताना आपण माणूस म्हणून गणले गेलो की सामानासारखे इकडून तिकडे हलवले गेलो, एवढंच तो विचारत असतो. माझं मत असं झालंय, की न्यायात आपलं दोन प्रकारचं येणं असतं. एक वाट्याचं: किती, काय, कोणाला. दुसरं, वाटणीआधी विचारलं जाण्याचं आणि वाटणीनंतर कारण कळण्याचं. पहिल्यावर ग्रंथांच्या भिंती उभ्या आहेत. दुसऱ्याला पैसा लागत नाही, जमीन लागत नाही, कोणाच्या तोंडचा घास काढावा लागत नाही. आणि तरी तेच सगळ्यात जास्त बुडवलं जातं.

हा माझा भाबडेपणा आहे का, अशी शंका मला होतीच. ती कमी झाली ती अर्थशास्त्रज्ञांच्या एका खेळामुळे. १९८२ मध्ये व्हर्नर ग्युट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जर्मनीत तो मांडला. दोन माणसं, एकमेकांना अनोळखी. पहिल्याच्या हातात एक रक्कम दिली जाते. त्यातली किती स्वतःकडे ठेवायची आणि किती दुसऱ्याला द्यायची, हे त्यानं सांगायचं. दुसऱ्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर वाटणी तशीच होणार. नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. निव्वळ फायदा बघणाऱ्यानं समोर येईल ते घ्यावं, शून्यापेक्षा ते बरंच. पण माणसं तसं करत नाहीत. फारच तुटपुंजा वाटा पुढे केला, पाचातला एक किंवा त्याहून कमी, तर पुष्कळजण तो झिडकारतात. स्वतःचं नुकसान करून घेतात, पण समोरच्यालाही मिळू देत नाहीत.

इथवरचं अनेकांना माहीत असतं. त्यापुढचं मला जास्त बोलकं वाटतं. तीच तुटपुंजी रक्कम माणसानं न देता संगणकानं ठरवलेली आहे असं सांगितलं, तर नाकारणाऱ्यांचं प्रमाण घटतं. म्हणजे रक्कम बोचत नव्हती, तिच्यामागचा माणूस बोचत होता. पुढे २००५ मध्ये एर्टे शियाओ आणि डॅनियल हाउझर यांनी खेळात एक छोटी सोय केली. दुसऱ्या खेळाडूला हो-नाही कळवतानाच पहिल्याला चार ओळी लिहून पाठवायची मुभा दिली. या ओळींनी वाटणीत काडीचाही फरक पडणार नव्हता. तरीही अन्यायकारक वाटा झिडकारणाऱ्यांची संख्या चांगलीच उतरली. ‘तू लोभी आहेस’ एवढं तोंडावर म्हणता आलं, की बऱ्याचजणांना पैसे जाळून ते सिद्ध करायची गरज उरली नाही.

आता इथेच पाय घसरतो. लोकांना बोलू दिलं की ते कमी वाट्यावरही समाधान मानतात, हे ज्याला वाटा द्यायचा नाही त्याच्या फार कामाचं आहे.

१९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲलन लिंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना एक काम दिलं आणि त्यात किती मजल मारायची याचं लक्ष्य ठरवून दिलं. एका गटाला लक्ष्य ठरण्याआधी मत विचारलं. दुसऱ्या गटाला लक्ष्य आधीच सांगून टाकलं आणि मग मत विचारलं. तिसऱ्याला विचारलंच नाही. ज्यांना आधी विचारलं त्यांना सगळं सर्वांत न्याय्य वाटलं, यात नवल नाही. नवल आहे ते मधल्या गटाचं. निर्णय झालेला आहे, आपल्या बोलण्यानं काही बदलणार नाही, हे माहीत असूनही त्यांना ती पद्धत तिसऱ्या गटापेक्षा न्याय्य वाटली.

हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं, कारण माझ्याच म्हणण्याला पुष्टी मिळत होती. प्रत्यक्षात अंगावर काटा आला. सगळं आधीच ठरवून मग ‘आपल्या सूचनांचं स्वागत आहे’ म्हणणारी पत्रकं आठवली. ‘सगळ्यांना विश्वासात घेऊन’ घेतलेले निर्णय आठवले, ज्यात विश्वासात घेणं म्हणजे चहाच्या वेळी बातमी देणं असतं. माणसाच्या मनाचा हा कोपरा सत्ताधाऱ्यांना, साहेबांना आणि घरातल्या कर्त्यांना संशोधकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

तेव्हा ‘ऐकून घेतलं’ यावर समाधान मानता येत नाही. ऐकणाऱ्याचं मत बदलण्याची वाट खुली होती का, हे बघावं लागतं. आणि ते बाहेरून दिसत नाही. मान हलवणाऱ्या माणसाच्या डोक्यात खिडकी उघडी आहे की रंगवलेली, हे सांगणारं यंत्र निघालेलं नाही.

सॉक्रेटिसचंच घ्या. जुन्या अथेन्समधली न्यायालयं या बाबतीत फार काटेकोर होती. चिठ्ठ्या काढून निवडलेले शेकडो नागरिक न्याय करायला बसत, आणि फिर्यादी व आरोपी दोघांचंही सारखंच ऐकून घेऊ, अशी शपथ घेत. शपथेवर भागत नाही म्हणून पाण्याचं घड्याळ. तळाशी बारीक भोक असलेलं मातीचं भांडं. पाणी संपेपर्यंत बोलायचं, दोन्ही बाजूंना सारखं पाणी. खासगी दाव्यांत कायद्याचा मजकूर किंवा साक्ष वाचून दाखवायची असेल तेवढा वेळ भोक बंद धरत, म्हणजे तो वेळ बोलणाऱ्याच्या खाती पडू नये. उत्खननात सापडलेलं असं एक भांडं सहाएक मिनिटांत रिकामं होतं. ऐकण्याचं माप पाण्यात मोजणाऱ्या त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि याच पद्धतीनं इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. पूर्ण ऐकून घेऊन. प्लेटोनं त्याच्या तोंडी घातलेल्या भाषणात तो दोन तक्रारी करतो. एक वेळेची: इतरत्र अशा खटल्याला एका दिवसात निकाली काढत नाहीत, तुमच्याकडेही तसा कायदा असता तर मी तुम्हाला पटवू शकलो असतो. दुसरी जास्त खोल आहे. माझे खरे फिर्यादी हे समोर उभे असलेले नाहीत, असं तो म्हणतो. तुम्ही लहान होतात तेव्हापासून तुमच्या कानात माझ्याबद्दल काहीबाही भरणारे ते जुने लोक माझे खरे फिर्यादी. त्यांना इथे बोलावता येत नाही, उलटतपासणी घेता येत नाही, सावल्यांशी लढल्यासारखं होतं. घड्याळातलं पाणी दोघांना सारखं, पण कानात आधीच साचलेलं कोणी मोजायचं?

एखादीबद्दल ‘ती नेहमीच रडते’ असं एकदा ठरलं, की तिचं खरं दुःखही त्याच खात्यात जमा होतं. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये यावर सबंध पुस्तक लिहिलं आहे. कोण बोलतंय यावरून त्याच्या शब्दाची किंमत आधीच कमी धरणं, हा एक स्वतंत्र अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. सासुरवाशिणी, नोकरमाणसं, लहान मुलं यांना ते पुस्तक वाचायची गरज नाही.

मला एकदा अशाच एका वाटणीत तटस्थ म्हणून बसायची वेळ आली. एका मैत्रिणीचे वडील गेले होते. तिघं भावंडं: ताई, मधला दादा आणि धाकटी ती, माझी मैत्रीण. मोठ्या गोष्टी बिनबोभाट वाटून झाल्या होत्या. घोडं अडलं ते वडिलांच्या मनगटी घड्याळापाशी. चावीचं जुनं घड्याळ, बाजारात त्याला कोणी विचारलं नसतं. तबकडी पिवळट पडलेली. चामड्याच्या पट्ट्याला मुळातली पाच भोकं आणि त्यांच्या आत, तबकडीच्या बाजूला, तापवलेल्या सुईनं पाडलेली आणखी दोन, वेडीवाकडी. शेवटच्या आजारपणात मनगट बारीक होत गेलं तशी ती पाडली होती. ताईनं.

ताईनं चार वर्षं त्यांचं सगळं केलं होतं. औषधाच्या वेळा याच घड्याळावर लावलेल्या. दादा दूर राहायचा, पण दवाखान्याचा सगळा खर्च त्यानं उचलला होता आणि त्याचा कधी उच्चारही केला नव्हता. धाकटीकडे ना सेवा, ना पैसा. तिच्याकडे एक आठवण होती: लहानपणी रोज रात्री घड्याळाला चावी द्यायचं काम तिचं होतं, आणि वडील तिला दर वेळी सांगायचे, ‘हे तुझंच आहे, मी फक्त वापरतोय.’

अमर्त्य सेन यांनी २००९ च्या त्यांच्या पुस्तकात तीन मुलं आणि एका बासरीचा दाखला दिला आहे. एकीला ती वाजवता येते, एकाकडे दुसरं काही खेळणंच नाही, आणि एकीनं ती स्वतः घडवली आहे. तिघांचंही म्हणणं बरोबर, आणि बासरी एक. सेन यांचा मुद्दा असा, की यातला कुठलाही एक दावा मूर्खपणाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. निष्पक्ष माणसंही वेगवेगळ्या उत्तरांवर येऊ शकतात. मला हा दाखला पाठ होता. त्या दिवशी त्याचा उपयोग एवढाच झाला, की मी पहिली पंधरा मिनिटं तोंड बंद ठेवलं.

दादा व्यवहारी. तो म्हणाला, ‘चिठ्ठ्या टाकू. ज्याचं नाव निघेल त्याचं. वाद नको.’

ताई म्हणाली, ‘चिठ्ठ्या टाकायच्या म्हणजे आपल्या तिघांचा हक्क सारखा आहे हे आधी मान्य करायचं. मला ते मान्य नाही.’

‘मग तूच घे ना ताई. मी कुठे नाही म्हणतोय?’

‘असं नको देऊस. मी का घ्यायचं, ते बोल.’

दादा गप्प झाला. मग धाकटी फणकारली, ‘म्हणजे आम्ही आता तुझी स्तुती करायची का?’ ताई म्हणाली, ‘नाही. चार वर्षांत काय झालं ते एकदा तोंडानं म्हणायचं.’

मी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत यापेक्षा नेमकं काही वाचलेलं नाही. ताईला घड्याळ हवं होतं, पण ते दानासारखं नको होतं. चिठ्ठीतून तर नकोच नको.

चिठ्ठीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप तिच्यातच आहे. चिठ्ठी कोणाचं ऐकत नाही, कोणाला कारण देत नाही, तरी ती अनेकदा न्याय्य वाटते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटल शहरात डायलिसिसची यंत्रं मोजकी होती आणि गरजू खूप. कोणाला जगवायचं हे ठरवायला एक समिती नेमली: वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि शल्यविशारद. सात जण, सातही निनावी. १९६२ मध्ये एका मासिकानं ही गोष्ट जगासमोर आणली, आणि समिती माणसाचं उत्पन्न, शिक्षण, लग्न, चर्चमधला वावर असलं सगळं तोलून बघते हे कळल्यावर एकच गदारोळ झाला. यापेक्षा चिठ्ठी बरी, असं पुढे काही नीतिशास्त्रज्ञांनी उघड म्हटलं. मीही म्हणेन. वाईट कारणांपेक्षा कारण नसणं परवडलं. पण तिथे चिठ्ठी न्याय्य ठरते ती प्रत्येकाचा जगण्याचा हक्क सारखा आहे, हे आपण आधीच धरून चालतो म्हणून. ताईचं म्हणणं नेमकं या आधीच्या पायरीवर होतं. हक्क सारखे आहेत की नाहीत, हे चिठ्ठी सांगू शकत नाही. त्यासाठी बोलावंच लागतं.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा ‘अज्ञानाचा पडदा’ इथे कामाला येईल असं वाटलं होतं. १९७१ चं ते पुस्तक: समाजात आपण कोण असणार हे माहीत नसताना नियम ठरवा, मग ते न्याय्य होतील. कल्पना देखणी आहे, करांचं आणि कायद्यांचं बोलताना मला ती अजून पटते. पण पडद्यामागे खरं तर कोणी कोणाशी बोलतच नाही. सगळेच स्वतःला विसरलेले, त्यामुळे सगळे सारखाच विचार करणार. एकानं केला तरी पुरे, हे रॉल्सही मान्य करतो. शिवाय त्यानं तिथे बसवले ते कुटुंबप्रमुख. घराच्या आत काय चालतं, कोण रात्री उठून औषध देतं, हे त्या बैठकीत येणार कसं, असा प्रश्न स्त्रीवादी तत्त्वज्ञ सुझन मोलर ओकिन यांनी १९८९ मध्ये विचारला आणि तो अजून जागेवर आहे. ताईला पडद्यामागे बसवलं असतं तर ती पहिल्यांदा विसरली असती ती चार वर्षं.

आपल्याकडे या सगळ्याचं मूळ प्रकरण सभापर्वात आहे, आणि ते आपण फार घाईनं वाचतो. वस्त्रहरणापाशी पोचायची घाई असते. त्याच्या आधी द्रौपदी एक प्रश्न विचारते. तिला न्यायला आलेल्या प्रातिकामीला, म्हणजे दुर्योधनाच्या सेवकाला, ती परत पाठवते: जा, आधी त्या द्यूत खेळणाऱ्याला विचार, तू आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? बाईचा आक्रोश समजून आपण पुढे जातो, पण हा कायद्याचा प्रश्न आहे आणि धारदार आहे. स्वतःला हरून दास झालेल्याला दुसऱ्याला पणाला लावायचा अधिकार उरतो का?

पुढे तिला फरफटत आणल्यावरही ती तोच प्रश्न सभेला विचारते. लक्षात घ्या, तिचं ऐकलं जातं. सभा भरलेली आहे, भीष्म आहेत, द्रोण आहेत, प्रश्न प्रत्येकाच्या कानावर पडलेला आहे. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नेमकं सांगता येत नाही. कौरवांमधला एकटा विकर्ण उठतो आणि तिच्या बाजूनं मुद्देसूद बोलतो. कर्ण त्याला गप्प करतो, आणि कशानं? मुद्द्यानं थोडाच, तू पोर आहेस, धर्मातलं तुला काय कळतं, असं म्हणून. विदुर प्रल्हादाची जुनी कथा सांगून बजावतो, की सभेत प्रश्न आल्यावर जाणत्यानं उत्तर दिलं नाही तर अधर्माचा वाटा त्याच्याही माथी येतो. तरी सभा गप्पच.

आणि शेवट? अपशकुन होतात, कोल्हे ओरडतात, धृतराष्ट्र घाबरतो आणि द्रौपदीला म्हणतो, वर माग. ती नवऱ्यांची सुटका मागून घेते. सगळे सुटतात. परिणाम बघायचा तर तिला हवं ते मिळालं. पण तिनं वर मागितला नव्हता, उत्तर मागितलं होतं, आणि ते त्या सभेनं तिला दिलं नाही. वर देणारा वरच राहतो. त्याच्या मनात आलं, त्यानं दिलं. उत्तर द्यायचं झालं असतं तर धृतराष्ट्राला म्हणावं लागलं असतं, की तू जिंकली गेलीच नव्हतीस, इथे झालं ते बेकायदा होतं आणि मी बसून बघत होतो. वर त्यापेक्षा खूप स्वस्त पडला.

दादाचं ‘तूच घे ना’ हे वरासारखंच होतं. प्रेमळ होतं, मनापासून होतं, आणि वरासारखंच होतं.

कारण सांगणं माणसांना एवढं जड का जातं, याचं उत्तर मला इथे थोडंफार मिळतं. कारण दिलं की आपण त्याला बांधले जातो. आज ‘सेवा केली म्हणून तुला’ असं म्हटलं, की उद्या सेवा करणारा दुसरा तेच वाक्य घेऊन दारात उभा राहणार. साहेबानं एकाच्या बढतीचं कारण कागदावर लिहिलं, की पुढच्या वर्षी ते कारण त्याच्याच अंगावर येतं. मर्जीला असलं लचांड नसतं. म्हणून ज्याच्या हाती काही द्यायचं असतं, त्याला दिलदार होणं आवडतं, उत्तरदायी होणं नाही. दिलदार माणसांबद्दल मला हल्ली थोडा संशयच येतो. (सगळ्यांबद्दल नाही; पण जे ‘कधीही काही लागलं तर सांग’ म्हणतात आणि आपल्यालाच ते दर वेळी मागावं लागतं, त्यांच्याबद्दल नक्कीच.)

लहान मुलांना आपण हे सगळ्यात उघडपणे करतो. ‘का?’ ‘मी सांगते म्हणून.’ रोज प्रत्येक ‘का’ला पुरं पडायचं म्हटलं तर घर चालणार नाही, हे मान्य. रस्त्यावर गाडी अंगावर येत असताना हात धरून ओढायचंच असतं, चर्चा फुटपाथवर गेल्यावर. पण फुटपाथवर गेल्यावर ती होते का? बहुतेकदा आपण पुढे चालू लागतो. आणि ज्या मुलाला कधीच कारण मिळालं नाही, ते मोठं होऊन दुसऱ्यांनाही देत नाही. त्याला कारण ही देण्याघेण्याची वस्तू आहे हेच माहीत नसतं.

याच्या उलट टोकाला आणखी एक जात असते, ‘मला काही नको’ म्हणणाऱ्यांची. विचारलं तरी ते मागत नाहीत. आपण विचारल्याचं पुण्य पदरात पाडून घेतो आणि त्यांचा वाटा इतरांत वाटून टाकतो. सेन यांनी हे फार आधीपासून मांडलं आहे, की सतत वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच छाटून घेतो. जे मिळणार नाही ते हवंसं वाटणंच बंद करतो. त्यामुळे ‘तिनं स्वतःच नको म्हटलं’ हा पुरावा फार तकलादू असतो. विशेषतः जी आयुष्यभर ‘नको’ म्हणत आली तिच्या बाबतीत. अशा माणसाला दुसऱ्यांदा विचारणं आगाऊपणाचं वाटतं, तिसऱ्यांदा तर छळच. तरी मी विचारते. एकदा एकीनं चिडून खरंच काय हवंय ते सांगून टाकलं.

घड्याळाचं काय झालं हे सांगायचं राहिलं. दादा बोलला. अडखळत, टेबलाकडे बघत बोलला: त्याला रात्री फोन आला की पोटात गोळा यायचा, आणि ताई तिथे आहे म्हणून तो परत झोपायचा. धाकटीनंही आपलं सांगितलं, चावीचं. घड्याळ ताईकडे गेलं.

मैत्रिणीला ते अजून पटलेलं नाही. तिचं म्हणणं, त्या दिवशी सेवेची गोष्ट टेबलावर आल्यावर आठवणीला काही वजनच उरलं नाही. जो मोठ्यांदा आणि नीट मांडतो त्याचा दावा मोठा ठरतो, आणि मी ज्याला न्याय म्हणते तो वक्तृत्वाचा विजय आहे. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर निदान तिला तीनात एक संधी होती. मी तिला म्हणते, तू तेव्हाच हे बोलायला हवं होतंस. ती म्हणते, बघ, म्हणजे पुन्हा बोलणाऱ्यालाच मिळणार. गेल्या वेळी हा वाद तिनं जिंकला होता. आता पुढच्या वेळी भेटू तेव्हा मी तिला अथेन्सचं पाण्याचं भांडं ऐकवणार आहे, आणि ती मला सॉक्रेटिस ऐकवेल याची मला खात्री आहे.